शेवट सांगू नको

धनजच्या मनकर्णाबाईंना अक्षरओळख नव्हती, पण कादंबरीवर त्यांचं मत मात्र खणखणीत असे. दुपारी त्या तुरीची डाळ निवडायला बसत आणि सून प्रयाग मोठ्यानं वाची. सध्याच्या कादंबरीतली नायिका रंगूनला गेलेल्या नवऱ्याची सहा वर्षं वाट पाहत होती.

"त्या मेल्याले पत्रं कायले लिहिते?" मनकर्णाबाई म्हणाल्या. "म्हशीले लिहिलं असतं, तर तिनं मान तरी हलवली असती."

"पण आत्याबाई, तिचा जीव हाय ना त्याच्यावर."

"जीव राहो. अक्कल कुठी गेली?"

प्रयाग हसली, पण तिचं लक्ष वाचनात नव्हतं. उद्या ती पहिल्या बाळंतपणासाठी मानोऱ्याला माहेरी निघणार होती. मनकर्णाबाईंची एकुलती लेक चतुरा पहिल्याच बाळंतपणात गेली होती. दोघीही त्याविषयी बोलत नव्हत्या.

"चाळीस पानं उरली," प्रयाग म्हणाली. "मी ती आधीच वाचली हायेत. शेवट सांगून जाऊ का? नाईतर हे वाचून दाखवतीन."

"तो वाचते का दवंडी देते? अन् तू सांगू नको." मनकर्णाबाईंचा हात सुपातच थांबला. "लेकराले मांडीवर घेऊन तूच वाचून दाखवशीन."

प्रयागनं मान हलवली.

"लेकराले सव्वा महिना झाला, का मीच दमणीले बैलं जुंपून मानोऱ्याले येईन," मनकर्णाबाई म्हणाल्या. "पुस्तक घेऊन."