अजून आठ

खाटकाने पहिला ठोसा माझ्या उजव्या डोळ्यावर मारला, दुसरा डाव्यावर. माणूस शिस्तीचा होता.

त्याच्या बहिणीच्या रिपोर्टात मी सकाळी रक्ताचा कॅन्सर दिसतो असं लिहिलं होतं. त्याचं म्हणणं, धडधाकट पोरीला मी कागदावर मारलं. मग त्याने माझं डोकं कपाटावर आपटलं आणि स्टूल मोडून त्याच्या पायाने लॅबमधल्या सगळ्या काचा फोडल्या. बहिणीची स्लाइड मायक्रोस्कोपवर होती, म्हणून वाचली.

"परत मोज. माझ्यासमोर."

मोजलं असतं दादा, म्हटलं, पण डोळे आत्ताच तुम्ही घेतलेत.

खुर्ची ओढल्याचा आवाज आला. तो स्वतःच मायक्रोस्कोपला डोळा लावून बसला. मी चाचपत पेशी मोजायचा काउंटर घेतला. शंभर पांढऱ्या पेशी मोजायच्या, प्रत्येक जातीला एक बटण. गुलाबी गर्दी सोडा, म्हटलं, जांभळ्या गाभ्याच्या तेवढ्या सांगा.

तो दिसेल ते सांगत गेला, मी जात ओळखून बटण दाबत गेलो. गाभ्याचे तीन तुकडे, मधे दोरा. न्यूट्रोफिल, टक. दोनच तुकडे, भोवती नारिंगी दाणे. इओसिनोफिल. गच्च गोळा, कडेला जागाच नाही. लिम्फोसाइट.

"हा तर गुर्दा."

मोनोसाइट. मला ओळखायला तीन महिने लागले होते. याचा हात गुर्द्यांवरच बसलेला.

तेवढ्यात बहिणीचा नवरा त्याला आवरायला आला. नाक फुटल्याचा आवाज झाला आणि त्याच दमात पुढची पेशी आली: निळे-काळे दाणे, गाभा पार झाकलेला. बेसोफिल. शेकड्यात एखादी सापडते. नवरा कोपऱ्यात कण्हत होता, त्याला या योगाचं काही नव्हतं.

मग, "हा मोठा आहे. गाभा विरळ, आत दोन भोकं." मी शेवटचं बटण दाबलं. परत तोच. टक. परत. गुर्दा. परत तोच, परत तोच. त्याचा आवाज बारीक होत गेला. ब्याण्णवला तो थांबला.

"हे शेवटचं बटण कशाचं?"

"ज्याच्यासाठी मला मारलंत, त्याचं."

"किती झाले?"

"एकावन्न. सगळे तुम्हीच सांगितलेत, दादा."

तो उठला. मी सवयीने तोंड झाकलं. ठोसा बसला, हाडावर बसतो तसा, पण मला काहीच लागलं नाही. मायक्रोस्कोपला लावलेला स्वतःचाच डोळा त्याने फोडून घेतला, असं नवरा कोपऱ्यातून म्हणाला. पूर्ण ताकदीने. कसूर केली नाही.

खुर्ची पुन्हा ओढली गेली.

"अजून आठ आहेत ना?" त्याने दुसरा डोळा लावला. स्लाइड पुढे पुढे सरकवत शोधत राहिला.

"गुर्दा," तो म्हणाला. "नीट दाब."