दहा हजार वर्षं आणि चिंचेचं पाणी

पृथ्वी वाचवायचं काम दिंडोशीच्या टेकडीखाली, मालनच्या अळूच्या वाफ्यात सुरू झालं, आणि चाळीतल्या चार बायकांनी एका सकाळी मोरीवर भांडी घासता घासता ते संपवलं.

गेल्या वर्षी पवईच्या कुठल्याशा कंपनीचा अनिरुद्ध काळ्या दगडाची भुकटी घेऊन आला होता. "मावशी, ही मातीत मिसळायची. पावसात हवेतला कार्बन धरते, त्याचे पांढरे चुनखडीचे खडे होतात. मग तो कार्बन दहा हजार वर्षं सुटत नाही!"

मालनचा नवरा गुणाजी गिरणी बंद पडल्यापासून ह्याच वाफ्यात रमलेला. तो म्हणाला, "फुकट आसा मां? मग टाक."

आता चतुर्थी परवावर आली आणि अनिरुद्ध तपासणीला आला. त्यानं मातीवर बाटलीतलं आम्ल टाकलं. मागच्या खेपेला फेस फसफसला होता, म्हणजे खडे झाले म्हणून त्यानं टाळ्या पिटल्या होत्या. आज माती ढिम्म. त्याची नजर मोरीकडून येणाऱ्या पाटाकडे गेली.

"मावशी, हे कसलं पाणी?"

"चिंचेचा. चतुर्थी इली काय चाळीतली सगळी पितळेची भांडी माज्याच मोरीर घासतत. समयो, घंगाळां, सगळा. ता पाणी अळवाक. सासूपासना असाच आसा."

"आंबट पाणी! अहो, आंबटानं खडे विरघळतात, कार्बन परत हवेत जातो! वाट लावलीत सगळी!"

आणि त्यानं पिशवीतून दोरी काढून वाफ्याभोवती बांधायला घेतली. "हा वाफा बंद. खणायचं नाही, कापायचं नाही, काही ओतायचं नाही."

"किती दिवस?"

"दहा हजार वर्षं म्हटलं ना."

मालनचं डोकं तापलं. पंचमीला ऋषीची भाजी. त्या भाजीला बैलाच्या कष्टाचं काही चालत नाही, हातानं खणलेल्या जागेतलंच लागतं, आणि अख्ख्या चाळीची भाजी ह्या अळवावर शिजायची. ती कोयती घेऊनच उठली.

"मेल्या, तुज्या बाटलीन फेस इलो तेवा टाळ्यो, आणि माज्या चिंचेन इलो तर माजो गुन्हो?"

"मावशी, प्रश्न जगाचा आहे!"

"मग जगाच्या मोटारींका बांध दोरी! त्या टॉवरांका बांध! धूर त्येंचो, आणि तुका गावलो काय तर माजो वाफो?"

"तसं नाही हो..."

"दहा हजार वर्सां टिकतला म्हणा!" गुणाजी पडवीतून कडाडला. "घंगाळाच्या धुवणान गेला! माज्या गिरणीच्या मालकान सुद्धा असोच कायमचो शब्द दिल्यान होतो. तो शब्द निदान संपापर्यंत तरी टिकलो!"

मोरीवरच्या बायका खो-खो हसल्या. मालन हसली नाही. तिनं एका घावात दोरी तोडली, तुकडे अनिरुद्धच्या पायाशी टाकले आणि वाकून सपासप अळू कापू लागली. चिकाचे डाग साडीवर पडत होते, तिकडे तिचं लक्ष नव्हतं.

अनिरुद्धचा फोन वाजला. "हो सर... नाही सर, खडे गेले. चिंचेनं. चिंच, सर." पलीकडून बराच वेळ कोणीतरी ओरडत होतं. त्यानं फोन ठेवला, दोरीचे तुकडे गोळा केले आणि गेटापर्यंत गेला. मग परत आला.

"आता काय रे?" मालननं कोयती खाली न ठेवताच विचारलं.

"मावशी," तो खालच्या आवाजात म्हणाला, "आमच्याकडे पण ऋषीची भाजी असते. आई कालपासून मागे लागलीय. चार पानं द्याल? देठांसकट."