उभ्याने मंजूर

शिक्षण हे उभं राहूनच करायचं पवित्र कार्य आहे, असं शाळेच्या संचालक मंडळाने एकमताने ठरवलं. ठरवायला अख्खी दुपार गेली. मंडळ अर्थातच बसलेलं होतं.

झालं होतं असं, की अध्यक्षांना व्हरांड्यातून जाताना पहिलीच्या बाई बसलेल्या दिसल्या. अध्यक्षांचं सिमेंटचं दुकान. दुकानात नोकर बसला की गिऱ्हाईक उठतं, हा त्यांचा आयुष्यभराचा अनुभव; आणि मूल काय, गिऱ्हाईक काय, त्यांच्या लेखी दोन्ही सारखीच. ठराव झाल्याच्या दुसऱ्या दिवशी शिपाईमामांनी सगळ्या वर्गांतल्या खुर्च्या उचलल्या.

बाईंची तर खुर्चीही नव्हती. बालवाडीतून उसनं आणलेलं बुटकं स्टूल होतं. त्यावर बसलं की बाईंचा कान बरोबर मुलांच्या तोंडाशी येई. रोज एकेक मूल शेजारी उभं राहून धडा वाचून दाखवायचं. या नोकरीत बाईंना सुख म्हणावं असं मिळायचं ते एवढंच. बाकी सगळा पगार होता.

वर्गात एक मुलगी होती. तिचा आवाज जेमतेम तिच्याच नाकापर्यंत पोचायचा. स्टूल गेल्यावर तिने उभ्या बाईंच्या पदराशी येऊन पान वाचलं. बाई कमरेत वाकल्या, कमरेने नकार दिला.

"ऐकू नाही आलं गं. परत वाच."

मुलीने परत वाचलं, परत ऐकू आलं नाही. मग ती पुस्तक मिटून जागेवर जाऊन बसली. त्यानंतर नाव पुकारलं तरी उठेना.

"जमिनीवर बस की मग," नवरा घरी म्हणाला.

"ठरावात 'कोणत्याही पृष्ठभागावर बसू नये' असं आहे."

"ठराव लिहायला वकील ठेवलाय का त्यांनी?"

"अहो, सचिव वकीलच आहेत."

बाई मुख्याध्यापकांकडे गेल्या. मंडळाच्या प्रत्येक शब्दाला मान डोलावतात म्हणून शिक्षकखोलीत त्यांना 'मम सर' म्हणत.

"तुमच्या भावना पोचल्या, बाई," मम सर म्हणाले. "पण हे वरून आलंय."

"वरून म्हणजे कुठून? वर पाण्याची टाकी आहे फक्त!"

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली ती तिथे. पुढच्या सभेला त्या न बोलावता जाऊन उभ्या राहिल्या. नाहीतरी बसायला सांगणार कोण होतं?

"बाई, शिक्षक बसला की शाळा बसते," अध्यक्ष समजावणीच्या सुरात म्हणाले.

"तुम्ही वर्गात शेवटचं पाऊल कधी टाकलंत?"

"आम्ही धोरण बघतो."

"धोरण बसून बघता. मी पोरांचं वाचन उभ्याने ऐकायचं! एवढं पवित्र आहे ना उभं राहणं? मग ही एक सभा उभ्याने घेऊन दाखवा!"

मम सर भिंतीत शिरता येतं का ते पाहू लागले. पण अध्यक्ष पडले मानी.

"त्यात काय मोठंसं? उठा हो सगळे!"

सगळे उठले. मंडळातले डॉक्टर टेबलाला धरून उठले. बाईंना इतक्या वर्षांत पहिल्यांदा मंडळाकडे पाहून बरं वाटलं.

एरवी पहिल्या विषयावरच चहा दोनदा यायचा. आज सचिवांनी तोंड उघडलं की मंजूर. नळाची दुरुस्ती, मंजूर. कुंपण, मंजूर. डॉक्टर एका पायावरून दुसऱ्या पायावर जात होते.

"पुढचा कशाचा आहे?" कोणीतरी विचारलं.

"नंतर वाचू हो. मंजूर!"

"पहिलीच्या दोन तुकड्या एकत्र करणे," सचिव म्हणाले.

हा विषय दोन वर्षं अडलेला होता, आणि अडवला होता तो डॉक्टरांनी. हवा, आरोग्य, मुलांची दाटी यावर ते दर सभेला तासभर बोलत आणि विषय पुढे ढकलला जाई.

"थांबा!" बाई ओरडल्या. "डॉक्टर, तुम्ही बोला ना! यावर तुम्ही नेहमी बोलता!"

डॉक्टरांनी गुडघा चोळत बाईंकडे पाहिलं. त्यांना खरंच वाईट वाटत होतं.

"मंजूर," ते म्हणाले. "लवकर आटपा राव."

सभा संपली तेव्हा अध्यक्ष घामाघूम झाले होते. कपाळ पुसत ते बाईंजवळ आले. माणूस मोकळ्या मनाचा होता.

"बाई, मानलं तुम्हाला. उभं राहणं सोपं नाही. तो ठराव रद्द. तुमचं स्टूल घेऊन जा."

"आणि तुकड्या?"

"ते आता मंजूर झालं ना! ते कसं बदलणार?"

सोमवारी दोन तुकड्या एका वर्गात बसल्या. बाकं फळ्यापासून मागच्या भिंतीपर्यंत लागली. स्टूल ठेवायला जागा नव्हती.