तांबड्या परकरांचं बोर्डिंग

मी बोर्डिंगात आले १९३४ साली. आठ वर्षांची होते. माझे वडील, सोनाजी, माळहिवऱ्याचे शेतकरी. आई लहानपणीच गेली, घरात मला बघायला बाईमाणूस नव्हतं, म्हणून त्यांनी मला हिंगोलीला सिस्टरांकडे आणून सोडलं. जाताना म्हणाले, "गोजर, इथं भांडू नको कुनाशी." आणि मी पहिल्याच दिवशी भांडले.

हिंगोलीतली इंग्रजी पलटण उठून गेल्यावर छावणीतले बंगले ओस पडले होते. त्यातला एक कॅथलिक सिस्टरांनी घेतला आणि मुलींची शाळा काढली. बंगल्यात आम्ही राहायचो आणि मागच्या घोड्यांच्या तबेल्यात वर्ग भरायचे. शाळेच्या रीती ठरलेल्या होत्या. जेवण सुरू झालं की घंटा होईपर्यंत कुणी बोलायचं नाही. बोर्डिंगला आलेलं पत्र सगळ्यांपुढे वाचायचं. आणि नव्या मुलीला वर्षभरासाठी एक थोरली मिळायची. केस विंचरायचे, उवा काढायच्या, सही करायला शिकवायचं, सगळं थोरलीनं.

माझी थोरली रूपा. माझ्याहून तीन वर्षांनी मोठी, कनेरगाव नाक्यापलीकडच्या बंजाऱ्यांच्या तांड्यावरची. तिचे वडील नेमसिंग तांड्याचे नाईक. त्यांना सारखं तहसिलीत जावं लागायचं, आणि घरात एक तरी माणूस कागद वाचणारं असावं म्हणून त्यांनी पोरीला शाळेत घातलं होतं. तांड्यावरून आलेली ती पहिली मुलगी. तिच्यानंतर सहा वर्षांत दुसरी एकही आली नाही.

आमच्या मोठ्या सिस्टर फिलोमिना वसईच्या. बोलणं मराठी, शिस्त पलटणीची. सगळ्या मुलींना पांढरा परकर आणि पांढरं पोलकं. दर शनिवारी रिठ्यानं धुऊन, नीळ देऊन वाळत घालायचं. एकदा चिखलात पाय देऊन मी परकर माखला, तर सगळ्या बोर्डिंगचे कपडे मला धुवायला लावले होते त्यांनी.

१९३८च्या एप्रिलात मोठ्या मठातून पत्र आलं. रीतीप्रमाणे सिस्टरांनी ते जेवणाच्या खोलीत वाचलं. पंधरा जूनला मठाच्या मुख्य, मदर, स्वतः येणार होत्या. त्या दिवशी राहत्या मुली तीस भरल्या नाहीत, तर बोर्डिंग बंद करून सिस्टरांना दुसरीकडे पाठवायचं ठरलं होतं.

आम्ही अठरा होतो.

कुणीच घास घेईना. घंटा झाली नव्हती, तरी रूपा उठली. "सिस्टर, तांड्यावर पोरी हायेत की."

"दोनदा जाऊन आले मी, रूपा. देत नाहीत."

"तुमी बापूला इचारलं. माझ्या याडीला न्हाई इचारलं." याडी म्हणजे तिची आई. "आमच्याकडं पोरीचं बाया ठरवतात. या वक्ताला मला संगं न्या."

सिस्टरांनी तिला घंटेआधी बोलल्याची शिक्षा केली नाही. त्यावरूनच कळलं, पाणी कुठवर आलंय ते.

सुटी लागल्यावर एका पहाटे बैलगाडी जुंपली. सिस्टर, रूपा आणि मी. मला का घेतलं, तर सिस्टर म्हणाल्या, "तुझं तोंड चालतं, उपयोगी पडेल." दुपारच्या आत आम्ही तांड्यावर पोचलो. नेमसिंग नाईकांनी घोंगडी अंथरली, पाणी दिलं, चार माणसं गोळा केली. "देऊ की पोरी, काहून न्हाई देनार?" सगळे मानेनं हो म्हणत होते आणि एकही जण उठून घरात विचारायला जात नव्हता.

रूपा गेली आणि आईला घेऊन आली. मोतीबाई उंच, दंडापर्यंत बलिया, म्हणजे जाड बांगड्या, चढवलेली. तिच्यामागून तांड्यावरच्या बाया आल्या. ती सिस्टरांपुढं बसली नाही, उभीच राहिली.

"सहा वरसं झाली, बाई. या पोरीला पोचवाया मी आलते. लाल घागऱ्यात आत गेली, आन् बाहेर आली ती पांढऱ्यात. मी वळखलंच न्हाई तिला. पांढरं कापड आमी मयतावर टाकतो. जित्या लेकरावर न्हाई. घरी येऊन तीन दिस जेवले न्हाई मी."

सिस्टरांचा चेहरा उतरला. "मोतीबाई, हे मला कुणी सांगितलं नाही."

"तुमी कवा इचारलं?"

मी रूपाकडं पाहिलं. ती जमिनीकडं बघत होती. थोरलीचं वर्ष सरल्यावरही, चार वर्षं माझे केस विंचरले तिनं, पण हे मलाही बोलली नव्हती.

"आमच्यात पांढरं सणाचं असतं," सिस्टर हळू म्हणाल्या. "वसईला लहान मुली पहिल्यांदा प्रसाद घ्यायला जातात, तेव्हा घालतात. हे माझ्या अंगावरचं बघा ना. अठराव्या वर्षापासून घालते मी."

"कुनी घातलं तुमच्यावर?"

"कुणी नाही. मीच मागून घेतलं."

"व्हय. तुमी मागून घेतलं," मोतीबाई म्हणाली. "माझ्या पोरीनं कवा मागितलं?"

मला वाटलं, संपलं. सिस्टर आता उठतील आणि गाडी जुंपायला सांगतील. त्यांनी चष्मा काढला, पदरासारख्या त्या डोक्यावरच्या वस्त्रानं पुसला, पुन्हा घातला.

"मग रंग कोणता, ते तुम्ही सांगा."

क्षणभर कुणाला खरंच वाटेना. मग सगळ्या बाया एकदम बोलायला लागल्या. कुणी तांबडा म्हणे, कुणी हिरव्या काठाचा. रूपा मध्ये उभी राहून त्यांची गोरमाटी बोली मराठीत सांगत होती आणि सिस्टरांचं मराठी गोरमाटीत, आणि तिला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. शेवटी ठरलं: परकर तांबडा. पोलकं पांढरंच, तिथं सिस्टर हटल्या नाहीत. आणि परकराच्या घेराला आरसे-कवड्यांची पट्टी, ती ज्या त्या मुलीच्या आईनं आपल्या हातानं टाचायची.

"धुताना आरसे फुटतील," सिस्टर म्हणाल्या.

"फुटले तर दुसरे लावू. आमच्या हाताला येतंच की ते."

मागून एका म्हातारीनं विचारलं, "आन् देव? आमचा देव सोडाया लावता का?"

इथं माझं तोंड कामी आलं. मी पुढं झाले. "मी कुणब्याची हाये, आजी. चार वरसं झाली मला. ही बघा माझी तुळशीची माळ, कुनी हात न्हाई लावला."

"प्रार्थनेला बसायचं की नाही, ते ज्या त्या मुलीनं ठरवावं," सिस्टर म्हणाल्या. "नाही बसली, तर तेवढ्या वेळात पाढे म्हणायचे." बाया हसल्या. मोतीबाई तेव्हा कुठं खाली बसली.

परत आल्यावर सिस्टरांनी सगळे पांढरे परकर पेटीतून काढले. बाजारातला रंगारी तांब्याचा हंडा घेऊन आला आणि अंगणात चूल मांडली. ढवळायला, पिळायला आम्ही, आणि बाह्या सरसावून सिस्टरही. पुढचे आठ दिवस त्या लाल हातांनीच प्रार्थनेला बसत होत्या.

मग आम्ही हिंडलो. पाच तांडे केले, नर्सीकडची गावं केली. प्रत्येक ठिकाणी रूपा आपला परकर पसरून दाखवायची. माझ्या माळहिवऱ्यात नर्मदाकाकू म्हणाली, "पांढऱ्यात असती तर दिली नसती माझी पोर. ह्या रंगात न्या खुशाल." कुणीच ठाम शब्द दिला नाही, पण तोंडावर नाहीही म्हटलं नाही.

पंधरा जूनला सकाळच्या गाडीनं मदर आल्या. वयस्कर, बारीक, फार न बोलणाऱ्या. अकरा वाजता त्यांनी हजेरी घेतली. अठरा जुन्या, आठ नव्या. सव्वीस. पुन्हा मोजल्या. सव्वीसच.

"मी संध्याकाळच्या गाडीनं जाणार आहे," मदर म्हणाल्या. "निघण्याआधी परत मोजीन."

दुपार लांबली. सिस्टर व्हरांड्यातून फाटकापर्यंत जाऊन येत होत्या. रूपा फाटकाच्या खांबावर चढून बसली होती, आणि तिला खाली उतर असं कुणी म्हटलं नाही.

तीनच्या सुमारास ती ओरडली, "याडी!"

आधी गाणं ऐकू आलं. मग धूळ दिसली. नऊ गाड्या होत्या. पुढं मोतीबाई चालत होती, मागं बाया गात होत्या, आणि गाड्यांत पोरी. फाटकात येऊन त्यांनी उड्या टाकल्या, तशा परकरांच्या घेरावर टाचलेल्या आरशांवर ऊन पडलं आणि सगळा बंगला चमकून निघाला. मदरनी डोळ्यांवर हात धरला.

हजेरी सुरू झाली. एकेक पोर नाव आणि गाव सांगू लागली. काहींना नाव सांगताना हसू फुटत होतं, एक तर रडतच होती. तिसावी झाली, तेव्हा मदरनी लेखणी खाली ठेवली.

"मदर, अजून हायेत," रूपा म्हणाली.

एकेचाळीस भरल्या.

मदरनी वही मिटली आणि सिस्टरांकडं पाहिलं. "हा रंग कुणी ठरवला? मला विचारलं नाहीत."

सिस्टर सरळ उभ्या राहिल्या. "नाही विचारलं, मदर. ज्यांना विचारायला हवं होतं, त्यांना विचारलं."

मदर एका छोट्या मुलीजवळ जाऊन वाकल्या, तिच्या परकराची पट्टी बोटांनी चाचपली. "टाके फार बारीक आहेत," त्या म्हणाल्या. "आपल्या मठातसुद्धा असं कुणाला येत नाही." आणि संध्याकाळची गाडी त्यांनी सोडली. अंगणात बायांनी फेर धरला. मोतीबाईनं सिस्टरांचा हात धरून ओढलं, आणि पलटणी शिस्तीच्या आमच्या सिस्टर, पाय चुकवत, एकेचाळीस पोरींसमोर नाचल्या.

तेव्हापासून ती रीत झाली. नवी मुलगी साध्या परकरात येते. तिची आई, नाहीतर मावशी, आत्या, जी असेल ती, येऊन व्हरांड्यात बसते आणि पट्टी टाचते. त्या दिवशी शाळेला सुट्टी.

१९४८चं वर्ष फार वाईट गेलं. रझाकारांच्या भीतीनं मुली घरोघरी गेल्या आणि बोर्डिंगला कुलूप लागलं. पण सप्टेंबरात निजामाचं राज्य संपलं आणि दिवाळीनंतर फाटक उघडलं. त्या दिवशी त्र्याहत्तर मुली आल्या. व्हरांडा टाचणाऱ्या आयांनी भरून गेला होता. मीही तिथं होते, माझ्या पुतणीचा परकर मांडीवर घेऊन. माझ्या शेजारी मोतीबाई, नातीसाठी.

तबेल्यातल्या वर्गात नव्या बाई येणार होत्या. ट्रेनिंग पास झालेल्या, आणि आमच्या शाळेतून शिकून तिथंच शिकवायला आलेल्या पहिल्या. हातात हजेरीची वही घेऊन रूपा अंगणातून आली.

मोतीबाईनं सुई दातात धरली, गुडघ्यावर हात टेकून उठली, आणि सगळ्या व्हरांड्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "उठा गं पोरींनो. बाई आल्या."