तोंडातल्या टाचण्या

मास्तरांनी सकाळपासून ऑक्सिजनचा मास्क अकरा वेळा काढला होता. सिस्टर बिचारी तो नीट बसवून पाठ फिरवते न फिरवते तोच यांची दोन बोटं मास्कखाली जायची, मास्क थेट कपाळावर, आणि यंत्रावरचा आकडा नव्वदवरून घसरत चौऱ्याऐंशीवर. मग पुन्हा पळापळ.

मास्तर म्हणजे माझा नवरा. वय शहात्तर, धंदा शिंप्याचा. सगळी गल्ली मास्तर म्हणते म्हणून मीही म्हणते, समोर मात्र ‘अहो’. वॉर्डात आमच्यासारखी आणखी नऊ म्हातारी माणसं होती, सगळी तोच ताप आणि तोच खोकला घेऊन आलेली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दर हिवाळ्यात हा वॉर्ड असाच भरतो. हा विषाणू तरुणांकडे सर्दी म्हणून येतो आणि म्हाताऱ्यांच्या छातीत ठाण मांडून बसतो. मग कोणाचं हृदय थकतं, कोणाची साखर वाढते, आणि घरी गेलेल्यांतही पहिल्यासारखा जिना चढणारे थोडेच. आमच्या घरात ती सर्दी मी आणली होती. दोन दिवस शिंकत होते आणि “काही नाही हो, साधी सर्दी आहे,” म्हणत त्यांच्याच शेजारी झोपत होते. माझा मलाच इतका राग आला होता, की तो मी सिस्टरवर काढत होते.

“संध्याकाळपर्यंत असंच चाललं तर घशात नळी घालून मशीनवर ठेवावं लागेल,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “या वयात त्यातून परत येतीलच असं मी सांगू शकत नाही. नाहीतर मग त्यांचे हात बांधावे लागतील.”

“हात नाही बांधायचे,” मी म्हणाले. “त्या हातांवर आमचं घर चाललंय.”

दुपारी वॉर्ड शांत झाला. ऑक्सिजनच्या बाटलीत पाणी बुडबुडत होतं. कॉटभोवतीचा पांढरा पडदा खिडकीतल्या वाऱ्यानं फुगायचा, परत बसायचा. जागरणानं मला बसल्या जागी पेंग येत होती. कॉट तरंगत जरा पुढे जातेय, मग गुपचूप जागेवर येतेय असं वाटत होतं. मास्तर पडद्याकडे एकटक बघत होते. मग त्यांनी हात लांब करून पडद्याची कड चिमटीत धरली आणि कापड पोटावर ओढून घेतलं.

“हे आटणार,” ते मास्कमधून पुटपुटले. “आधी भिजवायला हवं होतं.”

“कोणाचं आहे?”

“काय माहीत. सगळे बाहेर उभे आहेत. माप मोठं आहे.”

त्यांनी घडी घातली आणि अंगठ्याच्या नखानं रेघ ओढली. खरं सांगते, मला ती रेघ दिसली, खडूची, निळी. एवढ्या तापातही घडी सरळ आली होती. मग त्यांची दोन बोटं तोंडाकडे गेली, मास्क वर सरकला, आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

ते टाचण्या घ्यायला जात होते.

शिंपी कापड टाचतो तेव्हा टाचण्या ओठांत धरून ठेवतो आणि एकेक काढून लावतो. मास्तरांचं अर्धं आयुष्य असं ओठ मिटून गेलं. म्हणूनच तुमचा संसार टिकला, असं माझी बहीण म्हणते. दुकानात फार घाई असली की ते टाचण्या माझ्या ओठांत देत आणि तिथून घेत. तेवढा वेळ मी गप्प असते याचं गिऱ्हाइकांना कोण नवल वाटायचं.

मी त्यांचा मास्क नाकावर बसवला, माझा साधा कापडी मास्क खाली ओढला आणि वाकले.

“अहो, टाचण्या माझ्याकडे द्या.”

त्यांनी मला निरखून बघितलं. मग हवेतून एक टाचणी उचलून माझ्या ओठांत ठेवली. मग दुसरी. सात टाचण्या दिल्या. जिभेवर लोखंडाची चव आली. मी ओठ मिटले आणि माझा मास्क वर घेतला.

त्यानंतर त्यांचा हात माझ्याकडेच येऊ लागला. गालापाशी यायचा, एक टाचणी घ्यायचा, पडद्याला लावायचा. संपत आल्या की नव्या द्यायचा. त्यांचा मास्क जागच्या जागी राहिला. सत्त्याऐंशी. एकोणनव्वद.

एवढ्यात डॉक्टरीणबाई कागद घेऊन आल्या. “आजी, एक आत्ताच ठरवून ठेवू. वेळ आलीच, तर नळी घालायची की नाही?”

मी बोलले नाही. तोंड उघडलं तर टाचण्या पडणार, आणि मास्तर पुन्हा त्या स्वतःच्या ओठांत धरायला लागणार. शिवाय काय उत्तर द्यावं तेही मला कळत नव्हतं.

“आजी, बोला ना. हो की नाही, एवढंच.”

मी हातानं थांबा अशी खूण केली. बाईंच्या कपाळावर आठी पडली.

तीन दिवस कोणालाच न ओळखणाऱ्या मास्तरांनी मान वळवून त्यांच्याकडे बघितलं. “ती आत्ता बोलणार नाही,” ते शांतपणे म्हणाले. “तिच्या तोंडात टाचण्या आहेत. एवढं कापड होईपर्यंत तिला थांबायला लागेल.”

बाईंनी माझ्याकडे बघितलं, मग यंत्राकडे. एक्क्याण्णव. त्यांनी कागदाची घडी करून खिशात घातली आणि स्टूल ओढलं.

“मग मीही थांबते,” त्या म्हणाल्या. “तुमचं चालू द्या, मास्तर.”

मास्तरांनी हात पुढे करून माझ्याकडून पुढची टाचणी घेतली. पडदा अजून पुष्कळ बाकी होता. माझ्या डोळ्यांतलं पाणी ओघळून मास्क पार भिजला, पण मी ओठ उघडले नाहीत.