तीनदा नको

आमच्या विद्याशाखेत डीन व्हायचं असेल तर आधी नको म्हणावं लागतं. तेही तीनदा. हा नियम कुठे लिहिलेला नाही, पण तो मोडून कुणी डीन झालेलं नाही. सगळे प्राध्यापक लांब टेबलाभोवती बसतात. कुणीतरी ज्येष्ठ एक नाव सुचवतं. ज्याचं नाव निघालं तो दचकल्यासारखं करतो आणि म्हणतो, छे छे, मला कशाला यात ओढता. दुसरा कुणी आग्रह करतो. पुन्हा नको. तिसऱ्या आग्रहाला तो मान खाली घालून पुन्हा नकोच म्हणतो, पण जरा हळू, आणि मग सगळे टेबलावर थापा मारतात. थापा पडल्या की विषय संपला. मतदान नाही, माघार नाही. नव्या डीननं "तुमच्या इच्छेपुढे माझं काय चालणार" म्हणायचं आणि सगळ्यांना चहा सांगायचा.

हे नाटक आहे हे त्या खोलीतल्या खुर्च्यांनासुद्धा ठाऊक असतं. जिन्यात, पार्किंगमध्ये, परीक्षेच्या पर्यवेक्षणाला उभ्या उभ्या महिनाभर खलबतं होऊन नाव आधीच पक्कं झालेलं असतं. पण "मला व्हायचंय" असं तोंड उघडून म्हणणारा आमच्याकडे कायमचा बाद. मागे एकानं तसं म्हटलं होतं. त्याला "उतावळे सर" हे नाव पडलं आणि निवृत्तीपर्यंत चिकटून राहिलं. बिचाऱ्याच्या निरोपसमारंभातसुद्धा कुणीतरी ते भाषणात घेतलं आणि सगळे हसले.

या वर्षी पक्कं झालेलं नाव माझं होतं.

आणि मला ते पद हवं होतं. इथे काय लाजायचं? हवं होतं ते संध्याकाळच्या वर्गांसाठी. दिवसभर पोटामागे धावणारी माणसं आमच्याकडे संध्याकाळी पदवी शिकायला येतात. नर्सेस येतात, ड्रायव्हर येतात, एक बेकरीवाला येतो, त्याच्या कोपरांना पीठ लागलेलं असतं आणि तो मागच्या बाकावर अर्धा तास झोपून मग सगळ्यात अवघड प्रश्न विचारतो. मी इतिहास शिकवते. दिवसाच्या वर्गात मी तो शिकवते, संध्याकाळी मीच तो शिकतेय असं वाटतं. विद्यापीठाच्या मुख्य कार्यालयाला मात्र सहा वाजता इमारतीला कुलूप घालायचं होतं. विजेचं कारण, सुरक्षेचं कारण, कारणांना काय तोटा. शेवटी त्यांनी निर्णय नव्या डीनवर सोपवला. म्हणजे मी झाले तर वर्ग राहणार होते. दुसऱ्या कुणाची खात्री नव्हती.

सगळं ठरलं होतं. नाव सुचवणार होत्या मावशी. मावशी म्हणजे भूगोलाच्या आमच्या सर्वांत ज्येष्ठ प्राध्यापिका. कुलगुरूसुद्धा त्यांना मावशीच म्हणतात. आणि आग्रह करणार होते बरोबर सर. हे तत्त्वज्ञान शिकवतात आणि समोरचा काहीही बोलला तरी "बरोबर, बरोबर" म्हणतात. दोन माणसं भांडत असली तर दोघांनाही म्हणतात. आदल्या दिवशी जिन्यात मला म्हणाले, "मॅडम, तुम्ही निर्धास्त नको म्हणा. मी आहे ना."

पण यंदा विद्यापीठानं नवी टूम काढली. प्रत्येक विद्याशाखेच्या निवडसभेला दुसऱ्या विद्याशाखेचा अध्यक्ष. आमच्या वाट्याला अभियांत्रिकीचे एक गृहस्थ आले. पांढरा शर्ट, खिशात पेन, बोलणं एकदम सरळ. माणूस वाईट नव्हता, तेच तर दुखणं आहे. वाईट असता तर त्याच्यावर तरी राग काढला असता.

मावशींनी माझं नाव घेतलं. मी दचकल्यासारखं केलं, आणि खोटं कशाला सांगू, छान केलं.

"छे छे, मावशी," मी म्हणाले. "माझ्यापेक्षा अनुभवी माणसं आहेत इथे."

अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे आपली तयारी नाही?"

हा प्रश्न नाटकात नव्हता. मी गोंधळले, आणि गोंधळलेला माणूस पाठ केलेलंच बोलतो. मी हसून म्हटलं, "नको. खरंच नको."

"ठीक आहे. हे नाव मागे. पुढचं नाव?"

मावशी अर्ध्या उठल्या. "अहो, थांबा थांबा, त्यांना आपण जरा आग्रह..."

"मॅडम, त्या स्पष्ट नाही म्हणाल्यात," अध्यक्ष अगदी सौजन्यानं म्हणाले. "बाईमाणूस नाही म्हणते आणि आपण ऐकून घेत नाही, हे आता तरी बंद करूया. सक्ती नको कुणावर."

मावशी बसल्या. मी बरोबर सरांकडे पाहिलं. त्यांनी नुसतं म्हणायचं होतं, साहेब, आमच्याकडे अशी पद्धत आहे. पण पद्धत आहे म्हणायचं म्हणजे ते नाटक आहे हे परक्या माणसासमोर कबूल करायचं. सगळे टेबलाकडे बघत बसले. आणि मी? मी तरी म्हणू शकत होते, अहो, माझी तयारी आहे. शब्द अगदी ओठांवर आले होते. पण इतकी वर्षं गिळत आलेले शब्द असे ऐन वेळी थोडेच बाहेर येतात.

कुणीतरी पलीकडून बरोबर सरांचं नाव घेतलं. केवळ खोलीतली शांतता सहन होईना म्हणून घेतलं असावं.

"आपली तयारी?" अध्यक्षांनी विचारलं.

बरोबर सरांच्या तोंडाचा आकार मी पाहिला. ते 'नको' म्हणायला निघाले होते. मग त्यांची नजर माझ्यावर आली, तिथून अध्यक्षांच्या पेनावर गेली, आणि त्यांनी तोंड मिटलं. पुन्हा उघडलं ते वेगळ्याच आकारात.

"हो," ते म्हणाले. "माझी तयारी आहे."

त्या खोलीत हे वाक्य म्हणून आजवर कुणी डीन झालं नव्हतं. सगळे इतके गडबडले की थापा पडल्या. मीही मारली एक. काय करणार, हात आपोआप गेला.

संध्याकाळी वर्गावर गेले. पहिल्या बाकावरची नर्स, जी रुग्णालयातून थेट येते आणि गणवेश पिशवीत कोंबून ठेवते, तिनं विचारलं, "मॅडम, पुढच्या वर्षी वर्ग आहेत ना? नाहीतर मी रात्रपाळी घेऊन टाकते, त्यांना आताच सांगावं लागतं." मी म्हटलं, बघूया. शिकवताना माझं मलाच ऐकू येत नव्हतं.

घरी बाबा वाट पाहत बसले होते. बाबा याच विद्याशाखेचे जुने डीन. त्यांनीच मला लहानपणापासून शिकवलं की पुढे पुढे करणं बरं दिसत नाही. पाहुण्यांकडे दुसऱ्यांदा काही घेतलं तरी त्यांचे डोळे मोठे व्हायचे.

"किती वेळा नको म्हणालीस?" त्यांनी उत्साहानं विचारलं.

"एकदाच. पुढे कुणी विचारलंच नाही."

मी सगळं सांगितलं. सांगता सांगता इतकी चिडले की पाण्याचा पेला आपटला. "तुमची शिकवण, बाबा! बरं दिसत नाही, बरं दिसत नाही! आता दिसतंय का बरं? त्या पोरीला मी काय सांगू?"

बाबा म्हणाले, "तिसऱ्यांदा नको म्हणालो ना मी, तेव्हा मी मनातून घाबरलो होतो. वाटलं, आता नाही मारल्या कुणी थापा तर? तुझ्या आईलासुद्धा कधी बोललो नाही."

मला त्यांचा राग आला आणि त्यांची दयाही आली. दोन्ही एकदम आलं की माणूस नुसता भांडी घासतो. मी घासली.

पुढच्या आठवड्यात बरोबर सरांनी दुपारी मला बोलावलं. डीनच्या खोलीत मावशी आधीच बसल्या होत्या, कुठल्या तरी वेळापत्रकाच्या कामाला. सरांनी स्वतः उठून माझ्यासाठी खुर्ची सरकवली. माझ्या डोळ्यांकडे मात्र त्यांनी पाहिलं नाही.

"मॅडम, झालं ते फार विचित्र झालं," ते म्हणाले. "माझ्या मनातसुद्धा नव्हतं."

मी बसले.

"ते संध्याकाळच्या वर्गांचं. कार्यालय म्हणतंय, बंद करा. त्यांचंही बरोबर आहे. आता बंद करायचे की ठेवायचे, हे बघायला एक प्रमुख नेमायचाय. निर्णय पूर्ण त्याचा, मी मध्ये पडणार नाही. खरं म्हणजे या कामाला तुमच्याइतकं योग्य कुणी नाही. पण तुमच्यावर आधीच किती भार! तुम्हाला कसं म्हणू? तरी विचारल्याशिवाय राहवत नाही. घ्याल का?"

किती सुंदर विचारलं. मला सगळं कळलं. मी दुखावलेली आहे, मानी आहे, शिवाय आमच्या रीतीत वाढलेली आहे. मी नको म्हणणार. ते हळहळणार. मग काम जाणार कार्यालयाच्या मर्जीतल्या कुणाकडे तरी, आणि विद्याशाखेत म्हणायला मोकळे, मी तर आधी मॅडमनाच विचारलं होतं. या वेळी ते दुसऱ्यांदा विचारणार नव्हते. एकदाच विचारून चालतं, हे ते सभेत शिकले होते.

माझी जीभ 'छे छे'कडे निघालीसुद्धा. शपथेवर सांगते, निघाली होती. मला तो पिशवीत कोंबलेला गणवेश दिसला.

"हो," मी म्हणाले.

"अं?"

"हो. घेते. आजपासून घेते."

सरांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, पण त्यामागून माणूस निघून गेला. सभेत माझाही चेहरा असाच झाला असणार. "तसं नाही, घाई नाही," ते म्हणाले. "चार दिवस विचार करा. घरी विचारा."

"झाला विचार. वर्ग चालू राहणार."

"बरोबर, बरोबर," त्यांच्या तोंडून सवयीनं निघून गेलं.

आणि तेवढ्यात मावशींनी, वेळापत्रकातून मान वर न करता, टेबलावर थाप मारली. एकच, पण चांगली सणसणीत. सरांचा पेनांचा डबा हलला.

बाबांना औषध द्यायला मी वर्गाआधी घरी डोकावले आणि उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुन्हा घातला.

"त्यानं विचारलं आणि तू लगेच हो म्हणालीस?"

"लगेच."

"एकदाही नको नाही?"

"एकदाही नाही."

"दुसऱ्यांसमोर?"

"मावशींसमोर."

त्यांना ते पचत नव्हतं. गोळी हातात धरून ते नुसते माझ्याकडे बघत राहिले. "बरं दिसलं का गं ते?" त्यांनी शेवटी विचारलं.

"नाही बाबा," मी पाण्याचा पेला त्यांच्यापुढे ठेवला आणि वर्गाला जायला पर्स उचलली. "मुळीच बरं दिसलं नाही."