एकाच दोराची दोन वावरं

"काठाची बेरीज, पोटाचा गुणाकार. म्हणा!"

इंझोरीच्या शाळेबाहेर शेण वेचता वेचता लहानग्या गोजरानं मास्तरांचा हा आवाज ऐकला होता. आत पोरं बाकांवर, बाहेर ती टोपलं घेऊन. त्याला आता वीस वर्षं झाली होती.

जानराव पाटलांच्या पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीच्या वावरात, निंदण चाललं होतं. कामाची वाटणी दोरानं होई. एकशेसाठ हातांचा दोर भुईवर चौफेर फिरवायचा, आतलं तण काढायचं आणि घरी जायचं. दोघा गड्यांपैकी एक, पुंजाजी, दोर टाकी; एकदा त्या दोघांसाठी, एकदा दोघी बायांसाठी. दोर एकच, म्हणून काम सारखंच, असं सारा गाव मानी. तरी गडी तिसऱ्या प्रहरी बिड्या ओढत बसत आणि गोजराबाई-सोजरबाई दिवस बुडेस्तोवर वाकलेल्या असत.

"तुमचे हात हायेत का गोगलगाई?" पाटील म्हणाले. "उद्यापासून येऊ नका. दुसऱ्या बाया पाह्यतो."

सोजरबाईनं विळा उचलला. "चाल माय, पाटलाशी काय भांडतं?"

गोजराबाई मात्र खाली बसली. तिनं सोळा वितींची सुतळी मोजून घेतली.

"पाटील, शाळेबाहेर शेण वेचता वेचता आयकलेलं एवढं पाहून घ्या, मंग हाकला. एक वीत म्हंजे दहा हात."

तिनं सुतळीचा चौकोन मांडला. चारी बाजू चार-चार विती. आत वीत-वीतभर घरं आखून प्रत्येकात एक खडा ठेवला. "हे आमचं वावर. खडे मोजा."

"सोळा."

तीच सुतळी तिनं लांबवली. सात विती लांब, एक वीत रुंद; आत पुन्हा घराघरात एकेक खडा. "हे गड्यायचं. सात न् एक आठ, आठ दुणे सोळा. काठ तेवढाच हाये ना? आता पोटातले खडे मोजा."

पाटलांनी मोजले. सात. पुन्हा मोजले.

"आठवा खडा धुंडून राह्यले का, पाटील?" सोजरबाईनं विचारलं, आणि सारं वावर हसलं. पाटीलही हसले, मग त्यांनी मान खाली घातली.

"दुपटीहून जास्ती काम तुमी केलं, अन् बोलणीबी तुमीच खाल्ली. उद्या लांबी-रुंदी मोजून वाटणी करू. तुमीच या. अन् घरी बसलेल्या माह्या पोरीले मी आता शाळेत धाडतो."

वाचकहो, कुणाला आळशी म्हणण्याआधी त्याच्या वाट्याचं काम मोजून पाहा. काठावरून पोट कळत नाही.

सारे उठले. पुंजाजी तेवढा दोर गुंडाळत बसून राहिला.

"गोजरा," तो हळूच म्हणाला, "दोर लांबट टाकला का काम लवकर सरते, हे मले पैल्या दिवसापासून ठाऊक होतं. तुमाले कामचोर म्हणत, अन् मी गप बसलो."